विचारनाऱ्याला सांग

बेलापूर,
६ ऑगस्ट १९९६

सीमाताई,
जय भीम.

तुमचं पत्र पोचलं. पाकीट हातात आल्यावर मी ते आधी चाचपून पाहिलं, आत पुन्हा छापील गुलाबाचं फूलच आहे का म्हणून. सात वर्षं दर जानेवारीला तुमचं कार्ड येतं आणि खाली एकच ओळ असते, 'सगळ्यांना नमस्कार.' सगळे म्हणजे कोण ते तुम्ही लिहीत नाही आणि मी विचारत नाही. मी ते कार्ड आरशाच्या चौकटीत खोचून ठेवते. तात्या रोज त्याच आरशात बघून दाढी करतात. कार्डाबद्दल आजवर एक अक्षर बोललेले नाहीत, पण मागे एकदा झाडलोट करताना मी ते काढून कपाटात टाकलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जागेवर होतं. मी खोचलं नव्हतं. तुमच्या भावाला तर घरात आरसा आहे हेही आठवत नाही. मग कुणी खोचलं ते तुम्हीच ओळखा.

या वेळी मात्र चांगलं भरघोस पत्र! गुड्डी पहिलीत गेली, तिचे समोरचे दात पडले, तिच्या बाईंनी तुम्हाला शाळेत बोलावून 'आपकी बेटी बहुत बातूनी है' असं सुनावलं, हे सगळं वाचून मला इतकं हसू आलं की शेजारच्या छबूबाई हातातलं निवडण तसंच ठेवून काय झालं बघायला आल्या. बातूनी! अहो, मुलगी कुणाची आहे ते त्या बाईंना माहीत नाही म्हणून त्या नुसत्या रागावल्या. माहीत असतं तर दया केली असती.

आणि मग तुम्ही घरी येऊन तिला म्हणालात, 'आता तुझी टकळी बंद ठेव,' आणि तिने विचारलं, 'टकळी म्हणजे क्या?' आणि तुम्ही अडलात. सबंध दवाखान्याला बोलण्यात गुंडाळणारी बाई एका शब्दाला अडली. लिहिलंत की, 'जन्मभर ऐकत आले, बडबड करू नको असा अर्थ आहे हे कळतं, पण टकळी ही वस्तू काय? वहिनी, घरात कुणाला तरी विचारा.'

कुणाला तरी! बरं, मी विचारलं. तुमचे भाऊ टेम्पो धूत होते. ते म्हणाले, "टकल्याची बायको ती टकळी." पुढे त्यांना काही विचारायची माझी हिंमत झाली नाही. छबूबाई म्हणाल्या, "अगं, टकटक करती ती टकळी. सुतारपक्षीन असंल." आता घरात 'कुणी तरी' म्हणावं असं एकच माणूस उरलं. ताई, मी तुमच्यामुळे दहावी पास झालेली बाई आहे. शब्दाचा अर्थ विचारायला कुणी चार पानं लिहीत नाही, एवढं मला कळतं.

तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. तुमच्या बडबडीवर मी इथे तगले हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तिकडे शेवगावच्या बाजूला आमचे आई-वडील दिवाळी झाली की उसाच्या तोडीला जायचे ते उन्हाळ्यात परतायचे, आणि मी मागे चुलत आजीपाशी. आजीला ऐकू येत नसे. सहा-सहा महिने मी शेळीशी बोलायचे. लग्न होऊन इथे आले तर सासू नाही, सासरे म्हणजे घुमे तात्या आणि नवरा गाडीवर. मला वाटलं, इथेही शेळीच बघावी लागणार. तुम्ही पहिल्याच दिवशी मला चुलीपासून परसातल्या मोरीपर्यंत घर दाखवलंत आणि दर हातभर जागेची एक गोष्ट सांगितलीत. कुठे तुम्ही पडलात, कुठे मांजर व्याली, कुठे तात्यांनी घसरून पडल्यावर इकडेतिकडे बघितलं. त्यात कामाचं काही म्हणजे काही नव्हतं. पण रात्री निजताना मला ते घर आपलं वाटलं. हे उपकार मी विसरलेले नाही.

तात्यांना विचारते. कसं विचारायचं ते बघते. या घरात तुमचं नाव निघत नाही, भोपाळलासुद्धा आम्ही 'तिकडं' म्हणतो, हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

गुड्डीला पापा. दाजींना नमस्कार.

विजयमाला

&nbsp;

बेलापूर,
२२ ऑगस्ट १९९६

सीमाताई,
जय भीम.

विचारलं.

जेवताना विचारलं. तात्यांचा दुसरा घास झाल्यावर मी भाकरी वाढता वाढता म्हटलं, "तात्या, टकळी म्हंजी काय वो?"

ते थांबले. "कोन विचारतंय?"

"एक ल्हान पोरगी हाय. शाळंत लई बोलती म्हनून बाई रागावल्या तिला."

"किती ल्हान?"

"पहिलीत हाय."

मग त्यांनी सगळं जेवण संपवलं, ताटात पाणी घातलं, हात धुतले आणि ओट्यावर जाऊन बसले. तुमच्या भावाने माझ्याकडे असं पाहिलं की आता आपली काही धडगत नाही. मीही मनातून चरकलेच होते. गेल्या वर्षी पाटबंधाऱ्यातून रिटायर झाल्यापासून तात्या आणखीच मुके झालेत. पूर्वी निदान पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून शेतकऱ्यांशी भांडायचे तरी. आता कुणाचं शेत किती भिजलं याचा त्यांना जाब विचारायला कुणी येत नाही. सकाळी उठून उगाच सायकल घेऊन पाटाच्या कडेने एक चक्कर मारून येतात, तेवढंच.

सकाळी चहाचा कप हातात घेतल्यावर ते भिंतीकडे बघून म्हणाले, "सांग त्या विचारनाऱ्याला."

मी आधण तसंच ठेवून खाली बसले.

"टकळी सूत कातायची असती. येवढी एक काडी, खाली जड चकती. मांडीवर घासून सोडली की गरागरा फिरती. वर कापूस धरायचा, खाली सूत निघतं. फिरताना बारीक आवाज करती, आन् थांबतच न्हाई. म्हनून ज्याचं तोंड थांबत न्हाई, त्याची टकळी चालू हाय म्हनत्यात. सांग."

"सांगते," म्हटलं.

मला वाटलं, झालं. पण ते उठेनात. कप खाली ठेवला आणि पुन्हा भिंतीलाच म्हणाले, "आमच्या शाळंत सूतकताईचा तास असायचा."

ताई, मी या घरात आल्यापासून तात्यांच्या तोंडून त्यांची शाळा कधी ऐकली नव्हती. तुम्ही ऐकलीय का? इतर तासांना बोललं की छडी, पण सूतकताईला मास्तर सगळ्यांना बाहेर लिंबाखाली बसवायचे आणि बोलू द्यायचे. हात चालला म्हणजे झालं. पोरं गोल करून बसायची आणि जगभरच्या गप्पा हाणायची. कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाचा मामा आला, कोण विहिरीत किती खोल गेला. मास्तर मधून ओरडायचे, 'हातातली चालवा रं, तोंडातली नको.'

"तुमी काय बोलायचे?" मी विचारलं.

"मला कडंला बसवायचे. आमच्यातला मी येकलाच हुतो वर्गात." मग म्हणाले, "माझी हातातलीच चालायची. सूत मात्र माझं सगळ्यात बारीक."

हे सांगताना ते रडवेले वगैरे झाले नाहीत. रागातही नव्हते. पाटाला पाणी किती सुटलं ते सांगावं तसं सांगितलं. मला मात्र चुलीकडे तोंड करावं लागलं.

त्यानंतर सबंध दिवस मी विचार करत होते की गप्पा मारायलाही समोर माणूस बसवून द्यावा लागतो, आणि आपण तर 'रिकाम्या चकाट्या पिटू नका' म्हणून लोकांना हाकलतो. तात्यांनी सायकलच्या दांडीवर बसवून तुम्हाला दिवस दिवस पाटावर का नेलं असेल? तुमची आई गेल्यामुळे घरी सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून, असंच आपण धरून चाललो. मला आता ते तेवढंच वाटत नाही.

संध्याकाळी तुमच्या भावाने हळूच येऊन विचारलं, "काय म्हनलं?" मी म्हटलं, तुमची टकल्याची बायको चुकीची निघाली.

पुढचं तुम्ही विचारा. काहीही विचारा. चकाट्या शब्द कुठून आला विचारा, कुटाळकी विचारा, बाता विचारा. अर्थाचं काही अडलेलं नाही, पण विचारत राहा.

विजयमाला

&nbsp;

बेलापूर,
९ सप्टेंबर १९९६

सीमाताई,
जय भीम.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. दोन दिवस आधी आलं असतं तर मी तुमचं म्हणणं मुकाट्याने ऐकलं असतं. आता ऐकणार नाही. का ते सांगते, आणि आधी तुम्हाला रागवायचं ते रागावून घ्या.

परवा तात्यांनी परसात पसारा मांडला होता. एक फुटकं खापर घासून घासून गोल केलं, मधोमध खिळ्याने भोक पाडलं, त्यात बांबूची काडी बसवली, काडीच्या टोकाला खाच पाडली. मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"नुसतं सांगून कळायचं न्हाई तिला," म्हणाले. "विचारनारीला."

विचारणारा होता तो विचारणारी झाला. मी उठले. माझ्या माहेरच्या उशीची शिवण उसवून कापूस आणून दिला.

त्यांनी मांडीवर टकळी फिरवली आणि खरंच, इतक्या वर्षांनी, खाली केसासारखं सूत निघालं. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. मग मला दाखवायला त्यांनी टकळी मधेच थांबवली. "बघ. थांबली का मग उलटी फिरती. पीळ सुटतो. पीळ सुटला का सूत तुटतं." आणि तुटलंच.

ते तुटकं टोक चिमटीत धरून तात्या बोलायला लागले. मी जसं ऐकलं तसं लिहिते. माझं त्यात काही नाही.

"आई गेली तवा ही येवढी हुती. दांडीवर बसवून न्यायचो. समद्या पाटानं टकळी चालू. हा बगळा, तो खेकडा, बाईनी काय सांगितलं, कोनी कोनाची पेन्शील घेतली. मी नुसता व्हय व्हय करायचो. नगरला नर्शिंगला गेली तरी सुट्टीला आली का पयला दिस माझ्यापाशी बसून समदं सांगायची. मेसमधी भाजीत काय घातलं तेबी सांगायची. मला त्यातलं निम्मं कळायचं न्हाई. पन तिनं सांगितलं न्हाई असं काय नसायचं."

मग ते टोक पुन्हा पिळायला लागले.

"आन् येवढी येक गोष्ट मला सांगितली न्हाई. मला ती श्रीमंताच्या हाटेलात कळली."

ताई, हे तुम्हाला ठाऊक होतं का? मला नव्हतं. तुमच्या भावालाही नव्हतं. स्टँडजवळच्या श्रीमंतच्या हॉटेलात तात्या रोज सकाळी चहाला जायचे. श्रीमंतचा मेहुणा नगरला कोर्टाबाहेर टायपिंग करतो, त्याने तुमचं रजिस्टर लग्न झालेलं पाहिलं. सगळी माणसं बसलेली असताना श्रीमंत म्हणाला, 'तात्या, पेढे कुठायत? सीमानं लगीन केलं म्हनं.' आणि तात्या त्याला म्हणाले, 'व्हय. ठाऊक हाय मला.'

"खोटं बोललो," मला म्हणाले. "जल्मात येकदाच."

चहा अर्धा टाकून उठले ते आजवर त्या हॉटेलाची पायरी चढले नाहीत. आणि आम्ही काय समजत होतो? जातीबाहेर केलं, भाषेबाहेर केलं, म्हणून राग. तुम्हीही तेच समजून भोपाळला बसलात. मी धीर करून विचारलं, "दाजी आपल्यातलं न्हाईत म्हनून तुमी..." त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही. "त्याचं काय करायचंय मला? माझ्या लग्नाला तरी मला कोनी इचारलं हुतं? पोरगी सुखात हाय का न्हाई, येवढं कार्डावर लिवायला काय झालं हुतं?"

हे शनिवारी. आणि शनिवारच्या टपालातलं तुमचं पत्र शेजारच्या पोस्टमनने काल, रविवारी, आणून दिलं. त्यात तुम्ही काय लिहिता? की मस्कतच्या मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली, दोन वर्षांचा करार आहे, दिवाळीनंतर मुंबईहून विमान आहे, गुड्डी आजीजवळ आणि दाजींजवळ भोपाळलाच राहील. वाचून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आमच्या घरातली मुलगी समुद्रापलीकडे चालली! आणि लगेच खाली, 'वहिनी, तात्यांना सांगू नका. उगाच त्यांना त्रास. गेल्यावर सावकाश सांगा.'

झालं! पुन्हा तेच!

सीमाताई, मी तुमच्याहून मानाने मोठी, वयाने धाकटी, आणि तुमच्या उपकारातली आहे. तरीही सांगते, की मी हे गुपित ठेवणार नाही आणि तात्यांना सांगणारही नाही. तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडाने. मस्कतला किती खोल्यांचं हॉस्टेल आहे, तिथे भेंडी मिळते का, विमानात पाय ठेवायला जागा असते का, इथपासून सुरू करा आणि हवं तर शेवटी सांगा की जाणार आहे. पण सांगा. तुमच्या भावाला मी पत्र वाचून दाखवलं ही माझी चूक झाली, कारण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही आणि रोज सकाळी ते श्रीमंतच्याच हॉटेलात चहा पितात. मी त्यांना पोरांची शपथ घातली आहे. किती दिवस टिकेल सांगता येत नाही. श्रीमंतने दुसऱ्यांदा तात्यांना पेढे मागितले, तर मग तुम्ही मस्कतला जा नाहीतर चंद्रावर, या घरात तुमचं कार्डसुद्धा आरशात राहायचं नाही.

रागावून लिहिलं. खोडत नाही. टकळी कापडात गुंडाळून वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. गुड्डीला म्हणावं, आजोबांनी केली.

विजयमाला

&nbsp;

बेलापूर,
२८ सप्टेंबर १९९६

सीमाताई,
जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. सगळं गुड्डीच्या टकळीचं आणि खाली कामाची एकच ओळ. 'सांगते. कसं सांगू ते तुम्ही सांगा.' माझा जीव भांड्यात पडला. तुम्ही रागावला नाहीत, याबद्दल तुमचे आभार कसे मानू? मी आठ दिवस पोस्टमन दिसला की आत पळत होते.

पत्राने नको. तात्यांना अक्षर लागतं, पण पत्र हातात धरून बसलेलं सगळ्यांनी बघायचं, ते त्यांना आवडणार नाही. चौकातल्या एसटीडी बूथचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. बूथवाला तुषार आपल्या ओळखीचा आहे. १३ ऑक्टोबरला रविवार आहे, सकाळी दहाला तुम्ही तिकडून लावा. आम्ही तात्यांना घेऊन बसतो.

आधी गुड्डीला द्या. एकदम तुम्ही आलात तर दोघेही मुके व्हाल आणि मीटर फिरत राहील. गुड्डीने तुमच्या रजईतला कापूस उपसून टकळीला लावला म्हणून तुम्ही तिला फटका दिलात, ते तात्यांना कळवलं आहे. म्हणाले, "मारायचं काय कारन हुतं? चांगला कापूस द्यावा."

तुमचे भाऊ अजून गप्प आहेत. हॉटेलात जाताना तोंडात सुपारी धरून जातात.

विजयमाला

&nbsp;

बेलापूर,
१४ ऑक्टोबर १९९६

सीमाताई,
जय भीम.

आज दीक्षादिन. पोरं शाळेतून येऊन विहारात गेली, हेही तिकडेच आहेत. घर मोकळं आहे. कालचं तुमच्या बाजूचं तुम्हाला ठाऊक आहे, पण आमच्या बाजूला काय झालं ते तुम्हाला फोनमधून दिसलं नसणार. म्हणून बसले.

फोन येणार आहे हे मी तात्यांना शनिवारी संध्याकाळी सांगितलं. लपवाछपवी करून नेणं मला पटेना. म्हटलं, "उद्या दहाला विचारनारीचा फोन हाय. तिला तुमाला कायतरी सांगायचंय." सकाळी मी उठले तर त्यांची दाढी झालेली, रिटायर झाल्यावर सत्काराला घातलेला पांढरा शर्ट अंगात, आणि सायकल पुसून दारात उभी. बूथ हाकेच्या अंतरावर आहे. सायकल कशाला, ते मी विचारलं नाही.

बूथमध्ये जाऊन बसलो. फोन वाजला. तुषारने रिसीव्हर तात्यांच्या हातात दिला. त्यांनी तो आधी उलटा धरला.

गुड्डी काय बोलत होती देव जाणे, म्हणजे तुम्ही जाणे. काचेबाहेर मला चिवचिव ऐकू येत होती. अर्धं हिंदी, अर्धं आपलं, मधेच हसणं. तात्यांना हिंदी किती कळतं ते आपल्याला माहीत आहे. पण ते एकेक वाक्याला "मग?" म्हणत होते. "मग?... आन् मग?... बरं, मग?" तुषारने घड्याळाकडे बोट दाखवलं तर तात्यांनी त्यालाच हाताने गप्प बस म्हणून खुणावलं. मीटर तर तिकडे भोपाळला फिरत होतं, इथे त्या तुषारला कशाची घाई होती कुणास ठाऊक.

मग एकदम ते ताठ बसले, आणि मला कळलं की आता तुम्ही आलात.

तुम्ही काय सांगितलंत ते मी विचारणार नाही. तुम्ही रडलात असं मला वाटतं, कारण तात्या बराच वेळ नुसते "हां... हां..." करत होते, पाटाच्या मोरीत हात घालून पाण्याचा अंदाज घ्यावा तसे मान कलती करून. मग म्हणाले, "पानी कसं हाय तिथलं?" अख्ख्या जगात पाण्यावाचून दुसरं काही विचारायचं त्यांना सुचलंच नाही. मग म्हणाले, "समुद्राचं गोडं करत्यात? ते कसं काय?" आणि तुम्ही ते सांगत बसलात. ताई, तुम्ही सांगत बसलात याबद्दल मी तुमचे पाय धरते. तुम्ही 'मला माफ करा तात्या' म्हणाला असता तर त्यांनी फोन ठेवून दिला असता. तुम्ही पाणी कसं गोडं करतात ते सांगितलंत, हॉस्टेलच्या जेवणाचं सांगितलंत, बरोबरच्या केरळच्या पोरीचं सांगितलंत, ते सगळं ऐकताना त्यांचा चेहरा कसा मोकळा होत गेला ते मी काचेतून बघत होते. मी उभ्या उभ्या रडले. माझ्या हातात मेथीची जुडी होती, तिने डोळे पुसले.

शेवटी त्यांनी विचारलं, "कवा जायचं?" आणि तुम्ही सांगितल्यावर म्हणाले, "आधी इकडं ये. त्यांनाबी आन. पोरीला दोन रोज माझ्यापाशी ठिव. तिला पाट दाखवायचाय." हे मला स्पष्ट ऐकू आलं. तुम्हीही ऐकलंत ना? तुमचं उत्तर मला ऐकू आलं नाही, पण तात्यांनी फोन जाग्यावर ठेवला तो असा, की जणू आत कुणी निजलंय.

आता तुम्हाला जे ठाऊक नाही ते सांगते.

बूथमधून बाहेर पडून तात्या घराकडे वळलेच नाहीत. सायकल हातात धरून स्टँडकडे चालायला लागले. आम्ही दोघं मागे. हे म्हणाले, "कुठं चाललं?" मी म्हटलं, गप्प या. छबूबाई दळण घेऊन येत होत्या, त्यांनी विचारलं, "तात्या, आज नवा शर्ट?" तर तात्या थांबले आणि त्यांना म्हणाले, "आमच्या नातीला सूत काढता येतं." छबूबाई दळणाचा डबा डोक्यावर घेऊन तशाच उभ्या राहिल्या, आणि तात्या त्यांना पहिल्यापासून सांगायला लागले. मी या घरात आल्यापासून तात्यांची वाट बघत रस्त्यात उभं राहायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली.

मग श्रीमंतचं हॉटेल. आत चार-सहा माणसं होती. तात्यांनी सायकल स्टँडवर लावली आणि पायरी चढले. श्रीमंत भज्यांच्या कढईशी होता. त्याने झारा तसाच धरला. "तात्या? आज वाट चुकला काय?"

"चा दे," तात्या म्हणाले. "तिघांना. आन् पेढे असतील तर समद्यांना दे."

श्रीमंतने पेढ्यांची परात पुढे ओढली. "कशाचे पेढे?"

"आमची सीमा मस्कतला चालली. मोठ्या दवाखान्यात. दिवाळी झाली की जायचं."

"आरं वा!" श्रीमंत म्हणाला. सगळ्यांनी माना वळवल्या. तुमचे भाऊ माझ्याशेजारी दम रोखून उभे होते, सुपारी गिळली की काय कळेना. आणि श्रीमंतने, त्याची काय चूक, माणूस विचारतोच, सहज विचारलं, "कोनाकडून कळलं, तात्या?"

तात्या बाकावर बसले. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. आणि सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कोनाकडून म्हंजी? तिनंच सांगितलं मला."

तुमची,
विजयमाला